चिन्हाचं नावच ठाऊक नसेल, तर शोधायचं कसं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक काही वर्षं वेगळ्या क्षेत्रात काम करून प्रोग्रॅमिंगकडे वळले आहेत. कॉलेजात सी भाषा शिकले होते. आता रोजचं काम पायथॉनमध्ये आहे आणि मधूनमधून टीममधल्या इतरांचा जावास्क्रिप्ट कोडही वाचावा लागतो. कोणती गोष्ट कशानंतर करायची हे त्यांना नीट सुचतं, पण ऑपरेटर (//, == यांसारखी क्रिया सांगणारी चिन्हं) आणि सिंटॅक्स (कोड लिहिण्याचे नियम) लक्षात राहत नाही. दिवसातून अनेकदा डॉक्युमेंटेशन उघडावं लागतं. अलीकडच्या तीन अडचणी त्यांनी कळवल्या आहेत. पायथॉनमध्ये -७ // २ चं उत्तर -४ आलं, त्यांना -३ अपेक्षित होतं. जावास्क्रिप्टमध्ये ?. आणि ?? दिसलं, पण ती चिन्हं सर्चमध्ये टाकल्यावर काहीच सापडलं नाही. पांडाज या पायथॉनच्या, तक्त्यातली माहिती हाताळणाऱ्या लायब्ररीत दोन अटी & ने जोडल्या, तर न समजणारी एरर आली. अधिकृत संदर्भाची पानं उघडली की व्याकरणाच्या सूत्रांनी डोकं गरगरतं. एक सहकारी म्हणाला, ‘हे अजून बघावं लागतं?’ तेव्हापासून कुणी पाठीमागून जात असलं की ते डॉक्युमेंटेशनची टॅब झाकतात. त्यांचा प्रश्न आहे: ऑपरेटरांचे सगळे तक्ते पाठ करावेत का? की हे क्षेत्र आपल्यासाठी नाहीच?

उत्तर:

आधी ती टॅब झाकणं थांबवा. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही अडचणी मी दोनदा वाचल्या. त्यांतली एकही नवशिक्याची नाही. ज्याला कोडमध्ये खोलवर काही खटकतं, त्यालाच असे प्रश्न पडतात. तुम्ही मात्र त्यांवरून ‘माझी स्मरणशक्ती कमी आहे’ असा निष्कर्ष काढलात. तो तपासून पाहू.

-७ // २ घ्या. तुम्हाला -३ अपेक्षित होतं, कारण सीमध्ये पूर्णांकांचा भागाकार शून्याच्या दिशेने तोडला जातो. १९९९च्या मानकापासून सीने तसं बंधनकारकच केलं आहे. पायथॉनचं // मात्र नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातं. -३.५ च्या खालचा पूर्णांक -४. त्याला जोडूनच बाकीचा नियमही बदलतो: -७ % २ चं उत्तर सीमध्ये -१ येतं, पायथॉनमध्ये १. दोन्हीकडे भागाकार गुणिले भाजक अधिक बाकी केलं तर -७ च मिळतात, म्हणजे दोन्ही भाषा आपापल्या जागी सुसंगत आहेत. तेव्हा तुम्ही काही विसरला नव्हता. उलट सीचा नियम तुमच्या इतका पक्का लक्षात होता की तो दुसऱ्या भाषेत जाऊन बसला. सगळे तक्ते पाठ केलेत, तर हा त्रास वाढायचीच शक्यता जास्त.

आणखी एक उदाहरण बघा, कारण पाठांतराचा प्रश्न त्यात स्वच्छ दिसतो. क & १ == ० ही ओळ पायथॉनमध्ये आणि सीमध्ये अगदी सारखी दिसते. पायथॉनमध्ये & हे == पेक्षा घट्ट बांधतं, म्हणून आधी क & १ होतं आणि मग त्याची शून्याशी तुलना होते. सीमध्ये उलट. तिथे आधी १ == ० ची तुलना होते, तिचं उत्तर शून्य येतं, आणि मग क & ० चं उत्तर कायम शून्यच. सीमध्ये हे असं का, याचं कारण तर्कात शोधून सापडणार नाही, ते इतिहासात आहे. सीच्या आधीच्या बी भाषेत && आणि || नव्हते. अटी जोडायलाही & आणि | च वापरत, त्यामुळे त्यांचा प्राधान्यक्रम (कोणती क्रिया आधी होते तो क्रम) तुलनेच्या खाली असणं तेव्हा सोयीचं होतं. पुढे && आले, पण तोवर लिहिला गेलेला कोड बिघडू नये म्हणून & ची जागा तशीच ठेवली. काही ऑपरेटरांचा प्राधान्यक्रम चुकलेला आहे, हे सीच्या कर्त्यांनी स्वतःच पुढे कबूल केलं. आता सांगा, अशी गोष्ट कुणी विचार करून कशी ओळखावी? ती बघावीच लागते. ज्याला ती कधीच बघावी लागत नाही, तो एकतर एकाच भाषेत वर्षानुवर्षं काम करतो आहे किंवा बऱ्याच ठिकाणी अंदाजाने चालला आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचा रोख मला थोडा वळवायचा आहे. ‘लक्षात कसं ठेवू’ यापेक्षा ‘पटकन आणि खात्रीने कसं शोधू’ हा तुमच्या कामाचा प्रश्न आहे. शोधण्यात तुम्ही आज अडखळता आहात हे खरं, पण त्यात तुमचा दोष फारसा नाही. सर्च इंजिनं बहुतेक विरामचिन्हं आणि खुणा गाळून टाकतात. ?? टाकून काही सापडलं नाही, कारण शोधयंत्राच्या दृष्टीने तुम्ही जवळपास काहीच विचारलेलं नव्हतं. शोधायला चिन्हाचं नाव लागतं. ?. ला ऑप्शनल चेनिंग म्हणतात, ?? ला नलिश कोअलेसिंग. दोन्ही २०२० च्या एक्मास्क्रिप्ट मानकात, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात, आले, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांत किंवा कोर्समध्ये ते सापडणार नाहीत. पायथॉनमधल्या := चं अधिकृत नाव असाइनमेंट एक्स्प्रेशन आहे, बोलताना सगळे वॉलरस म्हणतात, आणि ते २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून आहे. काही भाषांतलं <=> म्हणजे स्पेसशिप. जावास्क्रिप्टमधले तीन टिंब जागेनुसार स्प्रेड किंवा रेस्ट होतात. एकदा नाव कळलं की भाषेच्या नावासोबत ते टाका, उत्तर पहिल्याच पानावर येतं.

नावच माहीत नसेल तेव्हा काय? तिथे सर्च इंजिन बाजूला ठेवायचं आणि थेट त्या भाषेच्या घरी जायचं. पायथॉनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनच्या सूचीत अक्षरांच्या आधी ‘सिम्बॉल्स’ नावाचं वेगळं पान आहे. त्यात चिन्हानुसार शोधता येतं. फार थोड्या लोकांना ते ठाऊक असतं. इंटरप्रीटरमध्येच (ओळ टाइप करताच चालवून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) असाल तर हेल्प फंक्शनला अवतरणात चिन्ह द्या, उदाहरणार्थ हेल्प('//'), आणि ऑपरेटरांचं प्रकरण समोर येतं. हेल्पला ‘सिम्बॉल्स’ हा शब्द दिला तर ओळखीच्या चिन्हांची यादी मिळते. जावास्क्रिप्टसाठी एमडीएन या मोझिलाच्या डॉक्युमेंटेशन साइटवर ‘एक्स्प्रेशन्स अँड ऑपरेटर्स’ हे पान आहे, तिथे सगळी चिन्हं नावासकट एका खाली एक आहेत.

हे पत्र वाचणाऱ्या ज्यांची भाषा वेगळी आहे, त्यांच्यासाठीही सांगते. रस्टच्या अधिकृत पुस्तकाचं ‘ब’ परिशिष्ट फक्त ऑपरेटर आणि चिन्हांसाठी आहे. पर्लमध्ये पर्लडॉक या आज्ञेला पर्लऑप विचारलं की ऑपरेटर मिळतात, पर्लसिन विचारलं की वाक्यरचना, आणि विचित्र दिसणाऱ्या व्हेरिएबलांसाठी पर्लव्हार. आर भाषेत प्रश्नचिन्हापुढे ‘सिंटॅक्स’ लिहिलं की प्राधान्यक्रमाचा तक्ता येतो, आणि चिन्ह अवतरणात घालून विचारलं की त्याची माहिती असलेलं पान. सी वापरणाऱ्यांनी लिनक्सवर मॅन पानांच्या (टर्मिनलमधल्या मदतीच्या पानांच्या) सातव्या विभागात ‘ऑपरेटर’ उघडून पाहावं. बॅशमध्ये [[ साठी हेल्प आज्ञा पुरते. हॅस्केलवाल्यांना हूगल हे त्या भाषेचं शोधयंत्र आहे, तिथे चिन्ह जसंच्या तसं टाकून शोधता येतं.

पण नाव शोधण्याच्याही आधी स्वतःला एक विचारायची सवय लावा: या चिन्हाच्या डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे? पायथॉनमधला तारा बघा. दोन किमतींच्या मध्ये असेल तर गुणाकार. फंक्शनला हाक मारताना एखाद्या यादीच्या आधी असेल तर ती यादी सुटी करून देणं. फंक्शनच्या व्याख्येत नावाच्या आधी असेल तर उरलेले सगळे आर्ग्युमेंट गोळा करणं. व्याख्येतच एकटा, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये असेल, तर ‘यापुढचे सगळे नाव घेऊनच द्यायचे’ अशी खूण. आणि इम्पोर्टच्या ओळीत असेल तर ‘सगळं आण’. यातला फक्त पहिला खऱ्या अर्थाने ऑपरेटर आहे. बाकीच्यांचा अर्थ ऑपरेटरांच्या तक्त्यात कितीही शोधला तरी मिळणार नाही, कारण ते फंक्शनच्या व्याख्येच्या, फंक्शन कॉलच्या किंवा इम्पोर्टच्या पानावर आहेत. ‘डॉक्युमेंटेशनमध्ये हे नाहीच’ असं अनेकांना वाटतं, ते बहुधा चुकीच्या प्रकरणात शोधल्यामुळे. चिन्हाची जागा पाहिली की प्रकरण ठरतं.

आता पांडाज. या अडचणीवर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण ती नीट कळली की डॉक्युमेंटेशनचा अर्धा नकाशा कळतो. तुम्ही बहुधा ‘वय > १८ & गुण < ४०’ अशा धर्तीची अट लिहिली असणार. वर पाहिलं तसं पायथॉनमध्ये & तुलनेपेक्षा घट्ट बांधतं. म्हणून पायथॉनने आधी १८ & गुण केलं, आणि उरलेल्याला ‘वय > काहीतरी < ४०’ अशी साखळी तुलना मानलं. साखळी तुलनेत पायथॉन मधल्या मध्ये विचारतो, ‘पहिली तुलना खरी की खोटी?’ पण इथे उत्तर म्हणून हजारो ओळींचा स्तंभ आला, एक खरं किंवा एक खोटं नाही. तुम्हाला दिसलेली ती एरर, स्तंभाची सत्यता संदिग्ध आहे म्हणणारी, इथून येते. दोन्ही अटींना स्वतंत्र कंस घाला, (वय > १८) & (गुण < ४०), आणि काम होईल. & ऐवजी ‘अँड’ हा शब्द वापरून मात्र सुटका नाही. तोही तोच खरं-खोटं प्रश्न विचारतो आणि तीच एरर देतो.

याचं उत्तर एका पानावर नव्हतंच, दोन पानांवर होतं. पायथॉनमध्ये कोणतं चिन्ह किती घट्ट बांधतं हे भाषा ठरवते, आणि कुठलीही लायब्ररी ते बदलू शकत नाही. म्हणून ते पायथॉनच्या लँग्वेज रेफरन्समध्ये, एक्स्प्रेशन्स प्रकरणाच्या शेवटच्या तक्त्यात आहे. पण & ने नेमकं काय करायचं हे त्या वस्तूचा प्रकार ठरवतो. पूर्णांकांसाठी बिट जुळवणं, संचांसाठी छेद, पांडाजच्या स्तंभांसाठी ओळीनुसार दोन्ही अटी तपासणं. तो अर्थ त्या-त्या प्रकाराच्या डॉक्युमेंटेशनमध्ये असतो. पुढच्या वेळी अडलात की आधी ठरवा: मला बांधणी कळत नाहीये की अर्थ? बांधणीसाठी भाषेचा संदर्भ, अर्थासाठी प्रकाराचा. पायथॉनमध्ये | चंही असंच आहे. ३.९ पासून त्याने दोन डिक्शनऱ्या जोडता येतात आणि ३.१० पासून ‘हा प्रकार किंवा तो प्रकार’ असं लिहिता येतं. हे सगळे अर्थ एका ठिकाणी कुठे सापडणार?

यात आवृत्तीचाही प्रश्न येतो. पान उघडलं की सर्वांत वर आवृत्ती बघा आणि तुमच्या मशीनवरच्या आवृत्तीशी ताडून घ्या. तक्ता वाचताना त्याच्या वरचं वाक्यही वाचा. पायथॉनच्या जुन्या आवृत्त्यांच्या पानांवर तोच तक्ता सैल बांधणाऱ्या चिन्हांपासून सुरू होतो, नव्या पानांवर घट्ट बांधणाऱ्यांपासून. वाक्य न वाचता तक्ता वाचला तर सगळं उलटं कळतं.

व्याकरणाच्या सूत्रांची तुम्हाला धास्ती वाटते, ती मला समजते. ती पानं पहिल्या भेटीत कुणालाच आवडत नाहीत, पण ती वाचायला फार थोडं लागतं. ही लेखनपद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये मांडली आणि पीटर नाउर यांच्या संपादनाखाली १९६० च्या अल्गोल अहवालात ती वापरली गेली. आज बहुतेक भाषा तिचीच वेगवेगळी रूपं वापरतात. पायथॉनच्या पानांवर डावीकडे रचनेचं नाव असतं, उजवीकडे ती कशाची बनते ते. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. चौकटी कंस म्हणजे ‘असलं तर असलं’. तारा म्हणजे शून्य किंवा कितीही वेळा, अधिक म्हणजे किमान एकदा. गोंधळ एकाच ठिकाणी होतो: इथला तारा त्या सूत्राचा स्वतःचा आहे, भाषेतला नाही. भाषेत प्रत्यक्ष टाइप करायचं चिन्ह असेल तर ते सूत्रात अवतरणात असतं. एवढं धरून एखादी परिचित रचना, समजा ‘इफ’, सूत्रात वाचून बघा. तुम्हाला येत असलेलीच गोष्ट तिथे लिहिलेली दिसेल. मग अनोळखी रचनांकडे जा. आणि घाई असेल तेव्हा सूत्र सोडून खालची उदाहरणं वाचलीत तरी काही बिघडत नाही.

तुम्ही विचारलेल्या पर्यायांबद्दल. पाठांतराला मी सरसकट नाही म्हणणार नाही. तुमच्या रोजच्या भाषेतली जी चिन्हं रोज हातात येतात, ती वापरातूनच पाठ होतील, आणि व्हायला हवीत. त्यापलीकडचे तक्ते घोकण्यात वेळ घालवू नका. सहकाऱ्याला विचारणं चांगलं, फक्त उत्तरासोबत ‘हे कुठे लिहिलंय?’ एवढंही विचारा, म्हणजे पुढच्या वेळी त्याच्याकडे जावं लागणार नाही. एआय सहायकाचा उपयोग मला नाव शोधण्यासाठी सर्वांत जास्त वाटतो: कोडची ओळ द्यायची आणि ‘या चिन्हाला काय म्हणतात, ते कोणत्या प्रकरणात सापडेल’ असं विचारायचं. स्पष्टीकरण तिथेच मिळालं तरी ते अंतिम धरू नका. एकसारख्या दिसणाऱ्या भाषांचे आणि आवृत्त्यांचे नियम त्यात सहज एकमेकांत मिसळतात, आणि ऑपरेटरांच्या बाबतीत फरक अगदी बारीक असतो. उदाहरणार्थ -२ ** २ पायथॉनमध्ये मुकाट्याने -४ देतं, कारण घात आधी होतो आणि उणे नंतर लागतं. जावास्क्रिप्टमध्ये तीच ओळ सिंटॅक्स एरर आहे, कंस घातल्याशिवाय ती चालतच नाही.

हे सगळं इंटरप्रीटरमध्ये स्वतः टाइप करून बघता येतं, आणि बघाच. वाचलेला नियम हाताखालून गेला की टिकतो. मात्र प्रयोगाची मर्यादा ओळखा. ७ // २ चं उत्तर ३ आलं यावरून ऋण संख्यांचं काय होईल हे कळत नाही. म्हणून टोकाच्या किमती मुद्दाम घ्या: शून्य, ऋण, रिकामी यादी, रिकामी स्ट्रिंग. जावास्क्रिप्टमधले || आणि ?? यांतला फरक शून्यावरच उघड होतो. ० || ५ चं उत्तर ५ येतं, कारण शून्य ‘खोटं’ धरलं जातं. ० ?? ५ चं उत्तर ० च राहतं, कारण ?? फक्त नल आणि अनडिफाइन्ड या ‘किंमतच नाही’ सांगणाऱ्या दोघांनाच रिकामं मानतं. एखाद्याने खात्यात शिल्लक शून्य ठेवली असेल आणि कोडने तिथे ठरलेली मूळ रक्कम भरली, तर हा फरक फार महाग पडतो. आणि सीमध्ये काही ओळी अशा असतात की मानकाने त्यांचं वर्तन मुळात ठरवूनच दिलेलं नाही. एकाच ओळीत त्याच व्हेरिएबलला ++ करून पुन्हा त्यालाच किंमत देणं हे त्यातलंच. तिथे तुमच्या कंपायलरने दिलेलं उत्तर काहीच सिद्ध करत नाही, फक्त मानकाचा मजकूर सांगू शकतो.

कोड लिहिताना मी एक साधा नियम पाळते: ज्या ओळीचा प्राधान्यक्रम मला बघावा लागला, त्या ओळीत कंस घालते, गरज नसली तरी. मला शोधावं लागलं म्हणजे पुढे वाचणाऱ्यालाही लागणार. काही ठिकाणी भाषांनीही हेच सक्तीचं केलं आहे. जावास्क्रिप्टमध्ये ?? आणि || कंसाशिवाय एकत्र लिहिले तर कोड चालतच नाही. तुमच्या सहकाऱ्याने कंस अनावश्यक आहेत म्हणून काढायला सांगितलं, तर टीमचा ठरलेला नियम असेल तिथे ऐका. नियम नसेल तर कंस ठेवा आणि कारण सांगा.

त्या सहकाऱ्याच्या बोलण्याबद्दल. ‘हे अजून बघावं लागतं?’ यावर उलट बोलायची गरज नाही, पण गप्प राहून टॅब झाकायचीही नाही. ‘हो, ऋण संख्येवर सी आणि पायथॉन वेगळं वागतात, ते बघतोय’ एवढं सरळ सांगा. बऱ्याचदा समोरच्यालाही तो फरक माहीत नसतो, आणि मग तोही खुर्ची ओढून बसतो. टीममध्ये नवीन कुणी आलं, तर त्यांच्यासमोर टॅब मुद्दाम उघडी ठेवा.

एक वही किंवा साधी फाइल ठेवता आली तर ठेवा, पण तक्ता उतरवून काढण्यासाठी नव्हे. जिथे तुमची अपेक्षा आणि उत्तर वेगळं निघालं, फक्त तेवढंच टिपा: ओळ, काय वाटलं होतं, काय आलं, आणि कोणत्या पानावर कारण सापडलं. तुमच्या पत्रातल्या तीन नोंदींनी ती सुरू होऊ शकते. ही यादी कुठल्याही तयार चीटशीटपेक्षा उपयोगी ठरते, कारण तुमच्या हातून नेमकी कुठे गफलत होते तेच तिच्यात असतं. काही महिन्यांनी त्यातल्या बऱ्याच नोंदी तुम्हाला बघाव्याच लागणार नाहीत.

मुलाखतीची धास्ती तुम्ही स्पष्ट लिहिली नाहीत, पण ‘क्षेत्र आपल्यासाठी नाही’ या वाक्यामागे ती असावी असं मला वाटलं. फळ्यावर कोड लिहिताना एखादा ऑपरेटर आठवला नाही, तर तिथेही कंस घाला आणि मोठ्याने सांगा: ‘इथला प्राधान्यक्रम मी लँग्वेज रेफरन्समध्ये तपासला असता, म्हणून आत्ता कंस घालतो.’ ऋण संख्येचा प्रश्न आला तर भाषांमधला फरक आपणहून मांडा. समोरचा माणूस जाणता असेल तर त्याला यातून हवं ते कळतं. आणि नुसत्या घोकलेल्या तक्त्यावरून कुणी तुम्हाला नाकारलं, तर तेवढ्यावरून हे क्षेत्र सोडायचं काही कारण नाही.